पेठेतला माणूस गेल्यावर त्याची आठवण कशी जपायची

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात मी 1996 पासून हिशेब लिहिते. ज्यांनी मला कामावर घेतलं ते आमचे आबा दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत गेले. ऐन सौद्यांचे दिवस होते. दारात नव्या हळदीच्या पोत्यांची थप्पी लागलेली आणि आत गादीवर कुणी नाही. आबा नुसते अडते नव्हते. आमच्या भागातल्या शाळेच्या समितीवर 22 वर्षं होते. हमालाच्या घरचं लग्न असो की भावाभावांची वाटणी, मधे बसायला त्यांनाच बोलावणं यायचं. असा माणूस गेला की घरच्यांना आणि दुकानातल्यांना त्याच्यासाठी काहीतरी करावंसं वाटतं, पण काय आणि कसं ते सुचत नाही. मग सगळे करतात तेच होतं. चौकात फ्लेक्स लागतो, पेपरात जाहिरात येते, सभेत भाषणं होतात, आणि वर्ष सरायच्या आत फोटोवरचा हार सुकून जातो.

आम्ही काही गोष्टी बऱ्या केल्या, काही चुकल्या, काही फार उशिरा सुचल्या. गेल्या महिन्यात यार्डातल्याच एका दुकानाची सून माझ्याकडे आली. "ताई, आमचे मामंजी गेलेत. तुम्ही आबांचं सगळं कसं केलं ते सांगा, मला काही सुचंना झालंय." तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते.

आधी दिलेला शब्द पुरा करा

फोटो, सभा, पुण्यतिथी हे सगळं नंतर. पेठेतल्या माणसाची निम्मी उलाढाल तोंडी असते. तो गेल्यावर त्याचा शब्द हवेत राहिला, तर पुढं कितीही मोठं स्मारक बांधा, लोकांच्या मनात तो अर्धवटच राहतो. म्हणून दहाव्याच्या आत एक यादी करा. दुकानाचा हिशेब बघणारा माणूस, हमालांचा मुकादम आणि घरातली थोरली बाई, या तिघांना एकत्र बसवा. वहीत तीन रकाने आखा. कुणाला द्यायचंय, कुणाकडून यायचंय, आणि कुणाला काय शब्द दिला होता. पहिले दोन रकाने खतावणीवरून भरतात. तिसरा फक्त माणसांना विचारून भरतो.

आमच्या तिसऱ्या रकान्यात अकरा नोंदी निघाल्या. शाळेच्या पाण्याच्या टाकीला 18,000 रुपये. मुकादमाच्या नातवाची आयटीआयची फी. अथणीकडच्या एका शेतकऱ्याची 40 पोती भाव चढेपर्यंत गोडावूनला ठेवायची, भाडं घ्यायचं नाही. एक नोंद तर काकूंना, म्हणजे आबांच्या पत्नीलाच, माहीत होती: कुणा विधवा बाईंच्या घरी दर दिवाळीला तेलाचा डबा जायचा, तो कोण पोचवायचा हेसुद्धा आम्हाला ठाऊक नव्हतं. अकरापैकी एका शब्दाचा कुठंच मागमूस लागला नाही. ज्यानं सांगितलं त्याच्या सांगण्यावर दादांनी, आबांच्या मुलानं, पैसे दिले. माझंही मत तेच पडलं. रक्कम आवाक्यातली असेल तर पुरावा मागू नका. मागितलात की ज्याला खरोखर शब्द दिला होता तोही माणूस तोंड मिटून घेतो.

यात कागदपत्रांचं एक अडतं, ते आधीच सांगून ठेवते. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करा आणि दाखल्याच्या दहा-बारा प्रती एकदमच घ्या. बँकेला खबर दिली की एकट्याच्या नावावरचं खातं थांबतं, आणि त्याच खात्यातून शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचे पैसे, जात असतील तर त्याही थांबतात. आम्ही पहिल्या आठवड्यातल्या पट्ट्या दादांच्या स्वतःच्या खात्यातून भागवल्या आणि प्रत्येकाची वेगळी नोंद ठेवली. एकट्या मालकाच्या धंद्याचा जीएसटी नंबर त्याच्या पॅनवर असतो, तो वारसाला तसाच वापरता येत नाही. वारसानं नवा नंबर घ्यायचा, खरेदीवर आधी भरलेल्या कराचं शिल्लक क्रेडिट आयटीसी-02 फॉर्मनं त्यावर वळवायचं, आणि मगच जुना नंबर रद्द करायचा. ही पायरी उलटी झाली तर क्रेडिट अडकतं. बाजार समितीच्या लायसनचं काम त्याच आठवड्यात विचारून घ्या. हे सगळं आठवणीच्या गोष्टीत कशाला, असं वाटेल. पण शेतकऱ्याची पट्टी पंधरा दिवस अडली तर गावात जाऊन तो आबांचं नाव कसं घेईल, याचा विचार करा.

दुकान किती दिवस बंद ठेवायचं

आमच्याकडे वजनदार व्यापारी गेला की दुखवटा म्हणून सौदे बंद ठेवायची रीत आहे. मान देण्याची भावना खरी असते. पण फेब्रुवारी ते मे या दिवसांत शेतकरी ट्रॅक्टर भरून येतो. रात्री निघालेला असतो, त्याला बातमी कळलेली नसते. मागं फार पूर्वी अशाच एका बंदच्या दिवशी जतकडचे तिघे शेतकरी दिवसभर उन्हात पोत्यांवर बसलेले मी पाहिले होते. म्हणून दादांनी हात जोडून सगळ्यांना सांगितलं, आमचं दुकान एक दिवस बंद राहील, यार्डातले सौदे थांबवू नका, आमच्याकडचा माल शेजारच्या दुकानात उतरवून घ्या. शेजाऱ्यांनी तो आपल्या नावावर न विकता आमच्याच नावानं सौद्यात लावला.

दारावरचा फलक दोन भाषांत लिहा. सांगलीला हळद नुसती वाळवा-मिरजेची येत नाही. कर्नाटकातल्या अथणी, रायबाग, गोकाककडूनही येते. मराठी फलकाखाली कानडीत चार ओळी लिहिल्या होत्या म्हणून मुडलगीचे एक आजोबा दारात थांबले, चप्पल काढली आणि बंद दाराला नमस्कार करून गेले.

रक्षा आणि झाड

हल्ली आपल्या सातारा-सांगली पट्ट्यात तिसऱ्या दिवशी रक्षा कृष्णेत न सोडता शेतात विसर्जित करतात, किंवा खड्ड्यात घालून वर झाड लावतात. चांगली पद्धत आहे. पण झाड कुठलं, यापेक्षा त्याला पाणी कोण घालणार हे आधी ठरवा. चैत्र-वैशाखात पाण्याविना सुकलेली अशी कितीतरी झाडं मी पाहिली आहेत, बुंध्याशी नावाची पाटी तेवढी शाबूत. आम्ही शाळेच्या आवारात, नळापासून दहा पावलांवर, एक कडुनिंब लावला. शाळेच्या शिपाईमामांना विचारूनच जागा निवडली.

पेपरातला मजकूर

निधनवार्तेचा मजकूर घाईत लिहिला जातो आणि कायमचा छापून राहतो. घरातली माणसं त्या वेळी लिहायच्या स्थितीत नसतात. म्हणून एका शांत डोक्याच्या माणसाकडे हे काम द्या आणि छापायला जाण्यापूर्वी घरच्या दोघांना वाचून दाखवा. आमच्या फ्लेक्सवर आबांच्या मूळ गावाचं नावच चुकलं होतं. छापणाऱ्याची चूक नव्हती, आम्ही फोनवर सांगितलं आणि कुणी पडताळलं नाही. काकू त्या फ्लेक्सकडे बघत नुसत्या उभ्या राहिल्या, काही बोलल्या नाहीत. तो अर्ध्या दिवसात उतरवला. फ्लेक्स लावायचाच असेल तर महापालिकेची परवानगी घेऊन, ठरलेल्या दिवसांपुरताच लावा. आबांच्या फोटोवर धूळ बसलेली आणि कोपरा फाटून लोंबकळतोय हे कुणाला बघवेल?

मजकुरात विशेषणं कमी आणि गोष्टी जास्त असू द्या. "दानशूर, प्रेमळ, मनमिळाऊ, सदैव हसतमुख व्यक्तिमत्त्व काळाच्या पडद्याआड" हे कुणालाही लावता येतं. त्याऐवजी पूर्ण नाव, लोक ज्या नावानं हाक मारायचे ते नाव, वय, मूळ गाव, कोणत्या साली दुकान सुरू केलं, कोणतं सार्वजनिक काम किती वर्षं केलं, आणि एकच अशी गोष्ट जी फक्त त्याच माणसाची आहे. आमच्या मजकुरातली ती ओळ अशी होती: "सौद्याआधी रोज सकाळी स्वतः वजनं ठेवून काटा तपासणारे." ती वाचून कसबे डिग्रजचे एक शेतकरी म्हणाले, हां, हे आबाच. शेवटी रक्षाविसर्जनाची जागा, वेळ आणि एकच फोन नंबर. तो नंबर घरच्या बाईमाणसाचा देऊ नका. दिवसभर फोन घेणाऱ्या पुतण्याचा द्या.

फोटोचं थोडक्यात सांगते. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो मोठा करू नका, चेहऱ्याचे ठोकळे होतात. ज्याच्या मोबाईलमध्ये मूळ फोटो आहे त्याच्याकडून तो डॉक्युमेंट म्हणून मागवा. 12 बाय 18 इंची फ्रेमसाठी निदान 1,800 बाय 2,700 पिक्सेल लागतात, दुप्पट असतील तर उत्तम. जुना कागदी फोटो असेल तर मोबाईलनं त्याचा फोटो काढू नका, 600 डीपीआयवर स्कॅन करून घ्या आणि मूळ फोटो लगेच घरी परत आणा. आणि कोट घातलेला, स्टुडिओतला, ओळखू न येणारा फोटो निवडण्यापेक्षा रोजचा निवडा. आम्ही आधी सत्काराचा फेटेवाला फोटो लावला होता. मुकादम म्हणाले, "ह्यो आबांचा न्हवं, ह्यो कार्यक्रमाचा फोटो." मग काट्याशेजारी उभे असलेला लावला, बाह्या वर सारलेल्या, नखांत हळद.

आठवणी गोळा कशा करायच्या

या कामाला सगळ्यात जास्त वेळ द्या, आणि उशीर करू नका. आबांना तरुणपणी पाहिलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीची आहेत. मी एक साधी वही आणि मोबाईलचा रेकॉर्डर घेऊन चार महिने दर रविवारी जात होते. सतरा माणसांकडे गेले. पहिल्या तिघांकडे माझं काम फुकट गेलं, कारण मी विचारत होते, "आबा कसे होते?" उत्तर एकच यायचं, "देवमाणूस होता." आणि त्यापुढं गप्प. चूक त्यांची नव्हती, माझ्या प्रश्नाची होती.

चौथ्या वेळेपासून प्रश्न बदलले. पहिल्यांदा त्यांना कुठं पाहिलंत? त्या दिवशी काय काम होतं? त्यांनी कुठं बसायला सांगितलं? तुमच्यावर कधी रागावले होते का? तुम्ही त्यांच्यावर? त्यांच्यामुळं कधी काम थांबलं, नुकसान झालं? त्यांच्याकडून घेतलेली एखादी वस्तू अजून घरात आहे का? अशा प्रश्नांना "देवमाणूस" हे उत्तर देता येत नाही. माणूस आठवायला लागतो, हात हलवून दाखवायला लागतो.

हरिपूरचे एक जुने हमाल आहेत, आबांच्या वडिलांपासूनचे. त्यांना मी कामं थांबल्याचं विचारलं तेव्हा ते अर्धा मिनिट गप्प बसले आणि मग पेवाची गोष्ट सांगितली. हरिपूरला हळद जमिनीखाली पेवात साठवायची पद्धत. पेवाचं तोंड उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं. खाली हवा कोंडलेली असते, माणूस उतरला तर गुदमरून जातो. कंदील पेटवून दोरीनं खाली सोडायचा. तो जळत राहिला तर उतरायचं, विझला तर थांबायचं. त्या दिवशी वर मुंबईचा ट्रक उभा, खरेदीदार घड्याळ बघतोय, आणि कंदील दोनदा विझला. खरेदीदार ओरडायला लागला. एक पोरगेला हमाल घाबरून उतरायला निघाला. आबा तेव्हा पंचविशीचे असतील. ते उठले आणि पेवाच्या तोंडाशी मांडी घालून बसले. म्हणाले, "उतरायचं झालं तर पहिला मी उतरणार. आणि कंदील जळल्याशिवाय मी उतरत नसतो." दुपार गेली. तिसऱ्यांदा सोडलेला कंदील जळत राहिला. ट्रक संध्याकाळी निघाला. ते सांगताना म्हाताऱ्यांनी हवेत दोरी धरून हळूहळू खाली सोडून दाखवली, मान वाकवून, अजून तिथं खाली कंदील असल्यासारखी. "तो पोरगा मीच हुतो," शेवटी म्हणाले.

2005 च्या पुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं, हळद नासली, पुष्कळ पेवं गेली. आज आमच्या दुकानातल्या नव्या पोरांना पेव म्हणजे काय ते सांगावं लागतं. ती गोष्ट मी त्या रविवारी ऐकली नसती तर पेवाबरोबर तीही गेली असती.

रेकॉर्ड करताना एवढं पाळा. माणसाच्या घरी जा, त्याला सभागृहात बोलवू नका. पंखा बंद करायला सांगा, आवाज घुमतो. पहिला चहा होईपर्यंत रेकॉर्डर काढू नका, आणि काढताना विचारून काढा. मधे बोलू नका, माणूस थांबला तरी दहा सेकंद तसंच बसून राहा. खरी गोष्ट बहुतेक त्या थांबण्यानंतर येते. घरी आलं की त्याच रात्री फाईलला नाव, गाव, तारीख घाला आणि दुसऱ्या फोनवर प्रत ठेवा.

आणि एक गोष्ट जिवापाड जपा. मदतीच्या आठवणींत मदत घेणाऱ्याचं नाव बाहेर येऊ देऊ नका. एका शोकसभेत वक्त्यानं समोर बसलेल्या मुलीकडे बोट दाखवून, हिच्या शिक्षणाचा खर्च कुणी केला ते सांगितलं होतं. टाळ्या पडल्या. ती मुलगी मान खाली घालून बसली होती, तिच्या शेजारी तिचा नवरा आणि सासरची माणसं. ज्यांच्या नावानं ती टाळी पडली त्यांनी ती मदत गुपचूप केली होती. ते गुपित मोडायचा हक्क कुणालाही नाही. मी माझ्या वहीत अशा नोंदींपुढे फक्त एक टिंब ठेवलंय.

स्वतःची आठवणही लिहून काढा. आम्ही जवळची माणसं दुसऱ्यांना विचारत फिरतो आणि आपलं राहून जातं. माझी आठवण पहिल्याच महिन्यातली आहे. एका पट्टीत माझी बेरीज चुकली, शेतकऱ्याला 312 रुपये कमी गेले. चूक दोन दिवसांनी माझ्याच लक्षात आली. मला वाटलं, पुढच्या खेपेला देऊ. आबा म्हणाले, "पिशवी घे." एसटीनं आम्ही कसबे डिग्रजला गेलो. तो शेतकरी मळ्यात होता, बांधावरून चालत गेलो. आबांनी पैसे स्वतः दिले नाहीत. माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "ताई, तुमची बेरीज होती. तुम्ही द्या." शेतकऱ्यानं पैसे मोजले नाहीत, तसेच खिशात घातले आणि आम्हाला ओल्या शेंगा उकडून दिल्या. परतीच्या गाडीत आबा त्याविषयी एक अक्षर बोलले नाहीत. तेव्हापासून मी प्रत्येक पट्टी दोनदा करते, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर.

शोकसभा

तासाभरात संपेल अशी ठेवा. पाच बोलणारे पुष्कळ झाले, प्रत्येकाला पाच मिनिटं. नावं आधी ठरवा आणि ऐनवेळी कुणाला व्यासपीठावर ओढू नका. पुढारी येतात, त्यांना मान द्या, पण पहिलं बोलणं त्यांचं नको. पुढारी आधी बोलले की नंतर हमालाला माईक धरवत नाही, शब्द फुटत नाही. आम्ही पहिल्यांदा मुकादमांना उभं केलं, मग शाळेच्या माजी मुख्याध्यापिका, मग एक शेतकरी. खासदार-आमदारांचे निरोप शेवटी वाचून दाखवले. खुर्च्या आणि सतरंज्या दोन्ही मांडल्या होत्या. खुर्च्या म्हाताऱ्यांना सोडून घरची माणसं सतरंजीवर बसली, तेव्हा बाकीचेही बसले. आलेल्यांकडून वहीत सही घेण्याऐवजी एक ओळ लिहून घेतली: आबांशी शेवटचं काय बोललात? निम्म्यांनी भाव लिहिला होता. हळदीचा त्या दिवशीचा भाव.

जुन्या वह्या

मालक गेल्यावर पहिल्या साफसफाईत वह्या रद्दीत जातात. असं होऊ देऊ नका. जीएसटीच्या नियमानं हिशेब वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने ठेवावेच लागतात, पण मी त्याच्याही आधीच्या वह्यांबद्दल बोलतेय. रोजकीर्द, खतावणी, पट्टीबुकं. आबांचं अक्षर, कडेला त्यांनी पेन्सिलनं केलेल्या खुणा, पाडव्याच्या पानावरचं कुंकू, हे फोटोपेक्षा जास्त त्यांचं आहे.

सांगलीत असाल तर वह्या तळमजल्यावर ठेवू नका. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, आणि गावभागातल्या आबांच्या जुन्या घरात पाणी कपाटाच्या वरच्या फळीला लागलं. 1978 ते 1985 च्या वह्या भिजल्या. तेव्हा मी त्या उन्हात पसरल्या, ती माझी चूक झाली. पानं आखडली आणि चिकटली ती चिकटलीच. भिजलेली वही सावलीत, पंख्याखाली, उभी करून पानं हलकेच मोकळी ठेवा. चिकटलेली पानं ओढू नका. अधूनमधून कोरा कागद घाला आणि तो ओला झाला की बदला. एकदम खूप वह्या भिजल्या आणि हात पुरेनात, तर प्लास्टिक पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे बुरशी धरत नाही, आणि एकेक काढून वाळवा. वाचलेल्या वह्या आता पहिल्या मजल्यावर आहेत, सुती बासनात, वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासकट. महत्त्वाच्या पानांचे फोटो काढलेत. पण वह्या कुणाला उघडून दाखवत नाही. त्यात लोकांच्या उचली आहेत.

वर्षानंतर काय

चौकाला नाव द्या, असं कुणीतरी सुचवतंच. त्यासाठी महापालिकेत ठराव करावा लागतो, पाठपुरावा करावा लागतो. करणाऱ्यांनी जरूर करावं. माझं मन मात्र दुसरीकडे ओढतं. आमच्या यार्डाला वसंतदादांचं नाव आहे, तरी रोजच्या बोलण्यात "यार्डात जाऊन येतो" एवढंच येतं. वसंतदादा लोकांना आठवतात ते त्यांनी उभ्या केलेल्या कामांमुळं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये कुंडलच्या माळावर कारखाना काढला, ते 1956 मध्ये गेले, आणि किर्लोस्करवाडीचा कारखाना अजून चालतो म्हणून आमच्या जिल्ह्यातल्या पोराला लोखंडी नांगराची गोष्ट माहीत असते. आबांचं काम त्या मानानं लहान. पण लहान कामही चालू ठेवता येतं.

ट्रस्ट काढायचा मोह होतो. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षीचं ऑडिट, विश्वस्त बदलला की बदल अर्ज, हे सगळं आयुष्यभर निभवायला माणूस असेल तरच काढा. नाहीतर चालू असलेल्या शाळेच्या नावे ठेव ठेवा. 1,00,000 रुपयांवर 7 टक्के धरले तर वर्षाला 7,000 येतात. त्या व्याजाचं काय करायचं हे पत्रात स्पष्ट लिहून शाळेची पोच घ्या, मुख्याध्यापक बदलतात, कागद राहतो. पहिल्या नंबराच्या मुलाला बक्षीस द्यायला पुष्कळ जण असतात. आम्ही ती रक्कम यार्डातल्या हमालांच्या मुलांच्या अकरावीच्या पुस्तकांना लावली. नावं जाहीर करायची नाहीत, अशी अट पत्रात आहे. पुस्तकं थेट दुकानदाराकडून घरी जातात.

पुण्यतिथीला जेवण घाला की नको, यावर मी काही सांगणार नाही, ते घरच्यांनी ठरवायचं. मात्र त्या दिवशी जुन्या माणसांना फोन करायचा राहू देऊ नका. माझ्याकडे 26 नावांची यादी आहे. पहिल्या वर्षी 26 फोन केले. या वर्षी 23.

त्यांचा फोन

हे शेवटचं, आणि माझ्या मते कुणीच सांगत नाही असं. गेलेल्या माणसाचा मोबाईल नंबर बंद करू नका. रिचार्ज संपून पडून राहिला की काही महिन्यांनी तो नंबर दुसऱ्या कुणाला जातो, आणि मग आबांना लावलेला फोन परका माणूस उचलतो. मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रं देऊन नंबर वारसाच्या नावावर करून घ्या. फोन दुकानात ठेवा, गल्ल्याशेजारी, चार्जरला लावून. पहाटे साडेपाचपासून तो वाजतो, कारण शेतकरी पोती भरायच्या आधी भाव विचारतो. पहिलं वर्षभर निम्म्या लोकांना बातमीच नव्हती.

म्हणून पहिलं वाक्य काय बोलायचं ते ठरवून ठेवा. "आबा गेले" असं एकदम तोंडावर सांगायचं नाही. पलीकडचा माणूस एकटा रानात उभा असतो. आधी त्याचं काम करायचं, भाव सांगायचा, मग हळू आवाजात बातमी. आणि ऐकल्यावर तो गप्प झाला तर फोन ठेवायचा नाही, तो ठेवेपर्यंत थांबायचं.

परवा पहाटे मी लवकर आले होते. फोन वाजला. रायबागकडचा आवाज, म्हातारा, बऱ्याच दिवसांनी आठवण झालेला, कानडीत आजचा भाव विचारत होता. "आबा, इवत्त रेट एष्ट्री?" दादा माझ्या आधी उठले. त्यांनी फोन कानाला लावला, पाठ फिरवून दारात गेले आणि म्हणाले, "नमस्कार काका, आबांच्याच दुकानातनं बोलतोय. राजापुरी हळदीचा कालचा भाव सांगतो, लिहून घ्या."